भोक तेच, लक्षण वेगळे : टर्बो गाडीतील हवागळतीच्या निदानाचा इतिहास

टर्बोचार्जर हे मुळात वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे एक चाक असते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. दांडा, दोन चाके आणि बेअरिंग एवढाच त्याचा संसार असल्याने हे यंत्र स्वतः क्वचितच आधी बिघडते. बिघाड होतो तो बहुधा त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या रबरी पाइपांत, त्यांच्या क्लिपांत आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळ्यांत. साध्या इंजिनात सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेवर फक्त ओढ असते. टर्बो इंजिनात त्याच वाटेवर कधी ओढ असते, कधी दाब. पाइपाला पडलेल्या एकाच भोकातून न्यूट्रलवर हवा आत शिरते आणि चढावर तीच हवा बाहेर फुटते. म्हणून टर्बो गाडीची गळती शोधणे हे सुरुवातीपासून वेगळे कसब ठरले.

स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस हे विमानांच्या इंजिनांसाठी टर्बोवर काम करत होते. विरळ हवेत इंजिन कसे वागते हे पाहण्यासाठी मॉसने 1918 मध्ये लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील सुमारे 4,300 मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन चालवले. पुढे जहाजांच्या डिझेल इंजिनांत टर्बो रुळला. या सगळ्या ठिकाणी यंत्राजवळ माणूस सतत उभा असे आणि दाबाचे काटे त्याच्या नजरेसमोर असत, त्यामुळे पाइप सुटला तर तो लगेच कळे. मालक स्वतः चालवतो आणि इंजिनाकडे आठवडेच्या आठवडे पाहत नाही, अशा मोटारीत टर्बो आल्यावरच निदान हा प्रश्न उभा राहिला.

ते घडले 1962 मध्ये, अमेरिकेत, दोन गाड्यांच्या रूपाने: शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबाइल जेटफायर. दोन्हींत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता. टर्बोतून नुसती हवा नव्हे, तर हवा आणि पेट्रोल यांचे तयार मिश्रण जात असे. दाबाच्या बाजूला गळती झाली की मिश्रणच बाहेर पडे. त्यामुळे आत पोचणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण बिघडत नसे, फक्त ताकद कमी होई. उलट ओढीच्या वेळी त्याच फटीतून नुसती हवा आत येई आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन मिसिंग करू लागे.

जेटफायरने आणखी एक नवे कोडे घातले. या इंजिनाचे कॉम्प्रेशन 10.25 ला 1 इतके जास्त ठेवले होते. दाब चढल्यावर इंजिन ठोकू नये म्हणून त्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ नावाच्या या द्रवाची टाकी रिकामी झाली की एक झडप आपोआप दाब रोखून धरी. अनेक मालक टाकी भरायला विसरत आणि गाडीला पिकअप नाही म्हणून ती परत आणत. तिथे ना पाइप फाटलेला असे, ना टर्बो बिघडलेला. यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी ताकद रोखून धरली आहे आणि मालकाला ते बिघाडासारखे दिसते आहे, हा प्रकार मोटारीत बहुधा इथेच प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला. पुढच्या प्रत्येक टर्बो गाडीत तो कोणत्या ना कोणत्या रूपात राहिला. कंपनीने 1965 मध्ये अशा अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

त्या काळच्या गॅरेजमधले मुख्य हत्यार म्हणजे व्हॅक्यूम गेज. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डला नळी जोडून गोल काट्याकडे पाहत राहायचे. समुद्रसपाटीवर धडधाकट इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे साधारण 17 ते 21 इंच दाखवते, आणि उंची हजार फुटांनी वाढली की हा आकडा सुमारे एक इंचाने उतरतो. काटा स्थिर पण खाली असेल तर कुठे तरी हवा आत येते आहे किंवा टायमिंग मागे पडले आहे. ठराविक तालात खाली झटके मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. काटा कसा हलतो यावरून इंजिनाचे पोट ओळखणे हे नाडीपरीक्षेच्या जवळ जाणारे काम होते. संशयित सांध्यावर थोडे पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारायचे; फेऱ्या बदलल्या तर फट तिथेच. गरम इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारण्याची ही पद्धत धोकादायक होती, तरी ती दशकानुदशके चालली. पण दोन्ही उपाय फक्त ओढीच्या वेळी उपयोगी पडतात. दाबाखाली फुटणारी गळती त्यांना दिसत नाही.

युरोपात टर्बो गाडी आली ती आधी वेगासाठी. 1973 ची बीएमडब्ल्यू 2002 टर्बो तेल संकटाच्या तोंडावर बाजारात आली आणि तिच्या जेमतेम 1,672 गाड्या बनल्या. पुढच्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शे 911 टर्बो दिसली. रोजच्या वापराच्या, बायकामुले आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत टर्बो आणण्याचे काम मात्र स्वीडनमधील ट्रोल्हेटनच्या साब कंपनीने केले. साबचे मूळ 1937 मध्ये स्थापन झालेल्या विमान कंपनीत आहे. तिच्या 99 टर्बोचे दर्शन 1977 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात झाले. तिथून पुढची तीस वर्षे साबने टर्बो सोडला नाही, आणि या काळात हवा मोजण्याची तिची पद्धत तीन वेळा बदलली. गळतीच्या निदानाचा इतिहास जवळजवळ सगळाच्या सगळा या एका कंपनीच्या गाड्यांत वाचता येतो, तो याच कारणाने.

99 टर्बोचे इंजिन 1,985 घनसेंटिमीटरचे, 145 अश्वशक्तीचे. अभियंता पेर गिलब्रांड, ज्याला स्वीडनमध्ये ‘टुर्बो-पेले’ म्हणत, त्याने कमाल वेगाचा हव्यास बाजूला ठेवून लहान टर्बो निवडला. त्यामुळे 3,000 फेऱ्यांनाच पूर्ण जोर मिळे. दाब सुमारे 0.7 बारच्या पुढे जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडून देई. या वेस्टगेटला दाबाची खबर देणारी एक बारीक नळी असते. गळतीच्या निदानातली सर्वांत फसवी गोष्ट इथे आहे. जाड पाइप फुटला तर दाब कमी होतो, हे कुणालाही सुचते. बारीक नळी फुटली तर मात्र दाब वाढतो, कारण वेस्टगेटला खबरच पोचत नाही आणि ते बंदच राहते. मग साबने बसवलेला सुरक्षा स्विच पेट्रोल पंपाची वीज तोडतो आणि गाडी भर वेगात जोराचा हिसका देते. तो हिसका मालकाला पेट्रोलमधल्या कचऱ्यासारखा वाटतो. पंप आणि फिल्टर बदलून झाल्यावर शेवटी एक तडकलेली नळी सापडायची.

या गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक पद्धत होती. टर्बोच्या आधी एका शंकूत गोल तबकडी बसवलेली. आत जाणारी हवा तबकडी ढकलते, तबकडी दांडी हलवते, आणि दांडी पेट्रोलचे प्रमाण ठरवते. म्हणजे हवा मोजली जाते अगदी दारात, आणि पेट्रोल मिळते ते दारातून गेलेल्या हवेच्या हिशेबाने. वाटेत हवा आत शिरली तर तिचा हिशेब नाही: मिश्रण पातळ, आयडलिंग अस्थिर. वाटेत हवा बाहेर गेली तर तिच्या वाट्याचे पेट्रोल मात्र पडतेच: मिश्रण जाड, मागून काळा धूर. एकाच भोकामुळे गाडी न्यूट्रलवर भुकेली राही आणि चढावर तिला अजीर्ण होई. हे न उमगल्यामुळे किती मेकॅनिकांनी मिश्रणाचा स्क्रू आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवला असेल याची गणती नाही.

लहानशी फट आयडलिंगलाच जास्त का जाणवते, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. दोन लिटरचे इंजिन न्यूट्रलवर मिनिटाला जेमतेम दोन-तीनशे लिटर हवा घेते, तर भर दाबावर 3,000 फेऱ्यांना हे प्रमाण चार हजार लिटरच्या वर जाते. मिनिटाला तीस लिटर चोरणारी फट पहिल्या स्थितीत दशांश हिस्सा नेते, दुसरीत ती कुणाच्या लक्षातही येत नाही. दाबाखाली जाणवणारी गळती मोठी असते किंवा दाबानेच उघडणारी असते. इंजिन उभे असताना मिटून राहणारी आणि रबर फुगले की तोंड उघडणारी चीर ही त्यातली सर्वांत त्रासदायक.

के-जेट्रॉनिकच्या काळातली एक परीक्षा तिच्या साधेपणामुळे आजही टिकून आहे. इंजिन आयडलिंगला असताना तेल भरण्याचे झाकण उघडायचे. क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, हवा इंजिन ओढून घेत असते, त्यामुळे झाकण उघडणे म्हणजे मोठी गळती मुद्दाम करणे. धडधाकट इंजिन लगेच अडखळते. काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडे कुठे तरी आधीच तेवढी हवा शिरते आहे. एकही अवजार न लागणारी आणि पाच सेकंदांत होणारी याहून चांगली परीक्षा या धंद्यात क्वचितच असेल.

1980च्या दशकाच्या आरंभी साब 900 टर्बोत ‘एपीसी’ आली. सिलिंडर ब्लॉकवरचा सेन्सर इंजिनाची ठोक ऐकतो, आणि ठोक ऐकू येताच एक विद्युत झडप दाब उतरवते. त्यामुळे हलक्या पेट्रोलवरही इंजिन सुरक्षित राहिले. या झडपेला तीन नळ्या, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी एक अक्षर कोरलेले: सी म्हणजे कॉम्प्रेसर, डब्ल्यू म्हणजे वेस्टगेट, आर म्हणजे परतीची वाट. सी किंवा डब्ल्यू फुटली तर दाब बेसुमार चढतो. आर बंद झाली तर तो चढतच नाही. आणि ठोक खरोखरच होत असेल, तर सगळ्या नळ्या ठणठणीत असूनही गाडी उचलत नाही. जेटफायरच्या रिकाम्या टाकीचे कोडे इथे नव्या वेषात परत आले. जाणकार मेकॅनिक आधी झडपेचा विजेचा प्लग काढून गाडी चालवून पाही. प्लग काढल्यावर दाब ठरलेल्या मूळ पातळीवर यायला हवा. आला तर दोष विजेच्या बाजूला, न आला तर नळ्यांत किंवा वेस्टगेटमध्ये. 900 च्या डॅशबोर्डवरच्या टर्बो काट्याला आकडे नव्हते, रंगांचे पट्टे होते. त्यामुळे नीट निदानासाठी टी-जोड लावून वेगळे गेज सीटपर्यंत आणावे लागे आणि गाडी रस्त्यावर न्यावी लागे.

1984 च्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाबरोबर दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला आणि ताकद 175 अश्वशक्तीवर गेली. त्याचबरोबर दाबाच्या वाटेवरचे सांधेही वाढले. टर्बोपासून इंटरकूलर, इंटरकूलरपासून थ्रॉटल, प्रत्येक ठिकाणी रबरी तुकडा आणि दोन क्लिपा. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ या पाइपांच्या आतून वाहत असते. तेलाने रबर फुगून मऊ पडते आणि क्लिपेखालून निसटते. इंजिनाच्या उष्णतेने बारीक नळ्या उलट कडक होऊन टोकाशी तडकतात. तबकडीच्या जागी आता एलएच-जेट्रॉनिकची तापलेली तार आली. वाहती हवा तार थंड करते, आणि तिला गरम ठेवायला लागणाऱ्या विजेवरून हवेचे वजन कळते. इंजिन बंद केल्यावर ही तार क्षणभर लालबुंद करून तिच्यावरची धूळ जाळली जाई. मोजणी मात्र दारातच राहिली, म्हणून लक्षणेही जुनीच राहिली. फरक एवढाच की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर, जो बॉशच्या मदतीने व्होल्वोने 1976 मध्ये प्रथम आणला होता, तो पातळ मिश्रण ओळखून पेट्रोल वाढवू लागला. बारीक गळती त्याने झाकून टाकली. गाडी नीट चाले आणि दोष आत वाढत राही.

खरा बदल 1993 मध्ये झाला. साबने स्वतः घडवलेल्या ट्रायॉनिक या संगणकाने दारातली मोजणीच काढून टाकली. मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान पाहून किती हवा सिलिंडरात जाणार हे तो गणिताने काढी. पाइप फुटून हवा बाहेर गेली तर मॅनिफोल्डमधला दाबच कमी होतो, आणि पेट्रोलही तेवढेच कमी पडते. काळा धूर नाही, मिसिंग नाही. गाडी फक्त सुस्त. थ्रॉटलच्या पुढे हवा आत शिरली तर दाब वाढतो, पेट्रोलही वाढते, आणि आयडलिंग पातळ होण्याऐवजी फेऱ्या चढतात. वीस वर्षे धुराच्या रंगावरून गळती ओळखणाऱ्या मेकॅनिकांची विद्या या गाडीपुढे अपुरी पडली. काही वर्षांतच, 1997 मध्ये दाखवलेल्या 9-5 गाडीत, ट्रायॉनिकच्या पुढच्या आवृत्तीबरोबर हवा मोजणारा सेन्सर दारात परतला आणि जुनी लक्षणेही त्याच्यासोबत परतली. साबच्या दोन लागोपाठच्या पिढ्यांत फाटक्या पाइपाचे लक्षण वेगळे असते, याचे कारण एवढेच. गाडी हवा कुठे मोजते हे आधी विचारल्याशिवाय गळतीचे निदान सुरू करता येत नाही.

डिझेलमध्ये हीच गोष्ट आणखी वेगळ्या तऱ्हेने घडली. 1978 च्या मर्सिडीज 300 एसडीत पंपावर एक डबी होती. मॅनिफोल्डचा दाब नळीने तिच्यापर्यंत पोचला की ती डिझेल वाढवी. मॅनिफोल्डवर जिथून ही नळी निघते तो पोकळ बोल्ट काजळीने बुजे. पंपाला वाटे की टर्बो चालतच नाही. कुठेही गळती नसताना गाडी मरगळे, आणि दुरुस्ती म्हणजे एक बोल्ट खोलून साफ करणे. महाराष्ट्रातल्या गॅरेजांना टर्बोची ओळख झाली तीही डिझेलमधूनच: आधी ट्रक आणि बस, मग 1998 मध्ये पुण्यात बनू लागलेली टाटा सफारी यांसारख्या गाड्या. ‘पिकअप नाही, काळा मारते’ ही तक्रार तेव्हापासून गॅरेजच्या बोलीत रुळली. भारतात गाडीने स्वतःचा दोष सांगण्याची सक्ती दोन टप्प्यांत, 2010 आणि 2013 च्या एप्रिलपासून आली.

अमेरिकेत ती 1996 पासूनच होती. ओबीडी-दोन या नियमाने प्रत्येक गाडीला सारखाच प्लग आणि सारखेच दोषांचे क्रमांक दिले. पी 0171 म्हणजे मिश्रण पातळ, पी 0299 म्हणजे टर्बोचा दाब अपुरा. यामुळे सेन्सर विकणाऱ्यांचे फावले. पातळ मिश्रणाचा क्रमांक दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची चाल पडली, वास्तविक तो सेन्सर खरेच सांगत असे. उपयोगाची गोष्ट क्रमांकात नसून संगणक पेट्रोलमध्ये किती दुरुस्ती करतो आहे या आकड्यात होती. ही दुरुस्ती आयडलिंगला मोठी आणि वेगात नाहीशी होत असेल तर हवा आत शिरते आहे. दोन्हीकडे मोठी असेल तर पेट्रोलच कमी पडते आहे, किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी दाखवतो आहे.

याच नियमाने गॅरेजला धुराचे यंत्रही दिले. पेट्रोलच्या टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून आधी एक मिलिमीटरच्या, पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाचा शोध गाडीने स्वतः लावावा अशी अट आली. एवढे बारीक भोक डोळ्यांना दिसत नाही. खनिज तेल तापवून केलेला दाट पांढरा धूर हलक्या दाबाने पाइपांत सोडला की फटीतून त्याची शेपटी निघते. इंजिनाच्या पाइपांसाठीही हे यंत्र लगेच वापरात आले आणि ज्वालाग्राही फवारा मागे पडला. पण धुराचा दाब जाणूनबुजून कमी ठेवलेला असतो, त्यामुळे दाबानेच उघडणारी चीर त्याला सापडत नाही. तिच्यासाठी जुनाच उपाय राहिला: टर्बोच्या तोंडाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेले झाकण लावायचे, गाडी रस्त्यावर जेवढा दाब देते तेवढीच हवा कॉम्प्रेसरने भरायची, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडायचे. ही परीक्षा करताना तेलाच्या झाकणातून हवा येऊ लागली, तर क्रँककेसच्या वाटेवरचा एकेरी व्हॉल्व्ह गेला आहे. तो गेला की दाब इंजिनाच्या पोटात शिरतो, सील तेल सोडतात, आणि टर्बोचा दोष नसताना टर्बोवर आळ येतो.

क्रँककेसची ही वाट पुढे साबलाच महागात पडली. 2000 सालच्या आसपासच्या 9-5 आणि 9-3 गाड्यांत तेलाचा गाळ होऊन तेल ओढणारी जाळी बुजू लागली. कंपनीने वाफ नेणाऱ्या नळ्यांची मांडणी पुन्हा पुन्हा बदलली आणि अमेरिकेत या दोषासाठीची हमी आठ वर्षांपर्यंत वाढवली. इथे गळती नव्हती, नळी बुजण्याचा प्रश्न होता. परिणाम मात्र गळतीहून भयंकर, कारण तेल न मिळालेले बेअरिंग टर्बोसकट सगळे इंजिन संपवते.

साबची मोटार कंपनी डिसेंबर 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या 900 आणि 9000 या जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांचे मूळ रबर चाळिशीच्या आसपास पोचले आहे. त्याच्या जागी आता सिलिकोनचे पाइप बसवले जातात. ते उष्णतेला दाद देत नाहीत, पण तेल त्यांच्या आरपार पाझरते, म्हणून आतून फ्लुओरोसिलिकोनचा थर असलेले घ्यावे लागतात. आणि त्यांची भिंत मऊ असल्याने जुन्या दातेरी क्लिपा त्यांना कापतात. वेस्टगेटची बारीक नळी फुटण्याची वाट न पाहता आधीच बदलून टाकण्याची पद्धत या गाड्या सांभाळणाऱ्यांत आता पडली आहे.